रुमालाखालचा भाव आणि ‘लास्ट किती?’

राजेहो, मागच्या महिन्यात एका दोस्तानं जुनी मोटारसायकल विकायला काढली. फोनवर चार फोटो टाकले, खाली किंमत लिहिली ३५ हजार. अर्ध्या तासात पंधरा-वीस मेसेज आले. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, "लास्ट किती?" एकानं तर गाडी कोणत्या साली घेतली हेही न विचारता लिहिलं, "१५ मध्ये देता का?" शेवटी एक जण घरी आला. टायरला लाथ मारून पाहिली, साखळीत खोट काढली, सीटमध्ये खोट काढली, चहा पिला, २८ हजारावर हो म्हणाला आणि "उद्या पैसे घेऊन येतो" सांगून गेला. दुसऱ्या दिवशी फोन बंद. दोस्त म्हणे, "जमाना खराब झाला बापा, लोकांले भाव करता येत नाही."

जमाना खराब झाला हे मला पटत नाही. ज्याच्या त्याच्या आजोबाला जमाना खराबच वाटत होता. पण भाव करण्याची एक रीत असते, ती शिकावी लागते आणि ती मोडली तर चारचौघांत इज्जत जाते, हे आपल्या वऱ्हाडात एकेकाळी लहान पोरालाही माहीत होतं. ते कुठून आलं आणि कुठं गेलं, याची ही गोष्ट. थोडी लांब आहे, पण वाचा.

जुन्या वस्तूचा बाजार म्हटलं की आपल्याला गाड्या, मोबाइल, कपाटं आठवतात. वऱ्हाडातला जुन्या मालाचा सगळ्यात मोठा बाजार मात्र शेकडो वर्षं बैलांचा होता. बैल हा जुनाच माल. कोणाच्या तरी वखराला चाललेला, कोणाच्या तरी बंडीला जुंपलेला, कोणी तरी नीट खाऊ घातलेला किंवा न घातलेला. कास्तकार आयुष्यात जमीन एखाद्या वेळी घेतो किंवा विकतो. बैल मात्र दर दोन-चार वर्षांनी बदलावाच लागायचा. परतवाड्याचा बाजार, हिवरखेडचा बाजार, हिवाळ्यात बहिरमची यात्रा, आणि तालुक्या-तालुक्याचे आठवडी बाजार. पेरणीच्या आधी तिथं जी घासाघीस चालायची, त्यातून वऱ्हाडी माणूस भाव करायला शिकला.

आता ती रीत कशी होती ते सांगतो.

बाजारात गेल्यावर थेट भाव विचारायचा नाही. आधी जनावराभोवती एक चक्कर. मागून पाहायचं, पुढून पाहायचं, खांद्यावर हात फिरवायचा, जुवानं खांदा आला आहे का ते पाहायचं. मग मालकाला विचारूनच तोंड उघडून दात पाहायचे. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. पक्के दात येऊ लागतात ते साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला, आणि पाचव्या वर्षापर्यंत सगळे येऊन तोंड जुळतं. त्यामुळं दात पाहणाऱ्याला वय सांगावं लागत नाही. मग चार पावलं चालवून बघायचं. एवढं झाल्यावर, आवडला असेल तरच, "किती म्हनता भाऊ?" न आवडलेल्या जनावराचा भाव विचारणं हा चावटपणा समजत.

समोरचा एकदम आकडा सांगत नसे. "तुम्हीच बोला." मग मधे दलाल यायचा. आणि मग तो रुमाल. खांद्यावरचा दुपट्टा नाहीतर धोतराचा सोगा हातावर टाकायचा, खाली एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, आणि बोटं दाबून भाव. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. पण एक म्हणजे शंभर की हजार, हे जनावर पाहून दोघांनाही कळायचं, ते वेगळं सांगावं लागत नसे. तोंडानं मात्र भलत्याच गप्पा. पाऊस, पऱ्हाटी, पोरीचं लग्न. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की दोन जुने सोयरे हात धरून उभे आहेत. मधेच एक जण हात झटकून "नाही जमत" म्हणून चार पावलं जायचा, दलाल त्याला बाही धरून परत आणायचा. हेही ठरलेलंच. तो किती पावलं जातो यावरून जुनी माणसं ओळखत की सौदा होणार की नाही.

या बोटांच्या भाषेला मराठीत सरळ शब्द आहे, करपल्लवी. आणि ती काही फक्त गुरांच्या बाजाराची नव्हे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला, आपल्या शेजारच्या बऱ्हाणपुरातूनही गेला. १६७६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोवळकोंड्याच्या खाणींवरच्या हिऱ्यांच्या सौद्याचं वर्णन आहे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर मांडी घालून बसतात, एक जण कमरेचा पट्टा सोडतो, त्याखाली दोघांचे उजवे हात. सगळा हात धरला तर हजार, जितक्या वेळा दाबला तितके हजार. एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धं बोट म्हणजे पन्नास, टोकाचं पेर म्हणजे दहा. तोंडातून शब्द नाही, डोळ्यांत हालचाल नाही. तो लिहितो की भरल्या बैठकीत एकच माल अनेकदा हात बदलतो आणि कितीला गेला ते बाजूच्याला कळत नाही. हिरा असो की बैल, रीत तीच.

दलालांची तोंडी भाषाही होती. मोल्सवर्थच्या मराठी कोशात हे सांकेतिक आकडे नोंदलेले आहेत. आवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. गिऱ्हाइकाच्या तोंडावर दोन दुकानदार भाव बोलून घेत आणि त्याला पत्ता नाही!

आता प्रश्न असा, की हे लपवणं कशासाठी? आजकाल कोणी या रुमालाबद्दल लिहिलं की लगेच "आपली थोर परंपरा" वगैरे सुरू होतं. मला तेवढं भाबडं होता येत नाही. रुमालाखाली दोन गोष्टी झाकल्या जात. एक म्हणजे गरजवंताची लाज. पोरीच्या लग्नासाठी चांगला बैल पडत्या भावात विकावा लागला, तर ते गावभर होत नसे. दुसरी म्हणजे दलालाचा खिसा. विकणाऱ्याच्या हातात चार बोटं, घेणाऱ्याच्या हातात साडेचार, मधलं अर्धं बोट कुठं गेलं ते फक्त दलालाला ठाऊक. दोन्ही खऱ्या. आणि शेजारच्याचा बैल कितीला गेला हे कळत नसल्यामुळं नवख्या माणसाला अंदाजच लागत नसे.

हीच गोष्ट कापसात झाली आणि तिथं मात्र ती चव्हाट्यावर आली. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाचे भाव कितीतरी पटीनं चढले. खामगावच्या बाजाराचं नाव विलायतेत पोचलं. १८७० साली खामगावचा रेल्वे फाटा सुरू झाला तो व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हातून, एवढी त्या कापसाची किंमत! बंड्यांच्या रांगा लागत. पण त्या बंडीवर बसलेल्या माणसाला आपल्या मालाचा भाव कोण ठरवतो हे माहीत नसायचं. भाव दलालाचा, वजन व्यापाऱ्याचं, आणि वरून हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता. कापूस विकून झाल्यावर हातात काय राहील हे घरी जाईपर्यंत कळत नसे.

१८८६ साली आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमानं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला हा पहिला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच आला. बाजाराची जागा ठरलेली, दलाल आणि मापारी परवान्याचे, फी ठरलेली, देखरेखीला समिती. देशात अशा प्रकारचा हा पहिला कायदा होता, आणि पुढं बाजार समित्यांचे जे कायदे देशभर झाले त्यांचं मूळ इथं सापडतं. मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२७ साली आला. अकोला-अमरावतीच्या माणसानं ही गोष्ट जरा छाती फुगवून सांगायला हरकत नाही. शाळेत आपल्याला हे कोणी शिकवलं नाही, ते एक असो.

पण छाती फार फुगवू नका. त्या कायद्यात इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा कमी होता आणि मँचेस्टरला चोख कापूस मिळण्याची काळजी जास्त होती. समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचंच. १९२८ सालच्या शाही कृषी आयोगानं वऱ्हाडच्या बाजारांची दखल घेतली ती उदाहरण म्हणून, आणि ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्याला तिथं पुरेसं स्थान नाही हेही दाखवून दिलं. कापडाखाली सौदा करण्याची चाल ही बाजारातल्या गैरप्रकारांपैकी एक मानली गेली. तेव्हापासून बाजार कायद्यांचा रोख उघड लिलावाकडं राहिला. महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा त्याच वाटेनं आला. भाव मोठ्यानं बोला, सगळ्यांसमोर बोला.

मधे एक काळ असाही आला की कापसात भाव करण्याचा प्रश्नच उरला नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदी. सरकारच एकटं गिऱ्हाईक. ग्रेडरनं ग्रेड दिली की संपलं. शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री बंड्या सीमा ओलांडत, ती वेगळी कहाणी आहे, कधीतरी लिहीन.

तर कापूस उघड्यावर आला. बैल मात्र बाजार समितीच्या आवारात येऊनही रुमालाखालीच राहिला, कुठं कुठं आजही आहे. असं काहून? मला वाटतं याचं कारण दलालांची हटवादी वृत्ती एवढंच नाही. कापसाची ग्रेड लावता येते. एका ढिगातली मूठभर रुई पाहून सगळ्या ढिगाचा अंदाज येतो. बैलाचं तसं नाही. प्रत्येक बैल वेगळा, आणि त्याच्या पोटातली खरी गोष्ट फक्त विकणाऱ्याला माहीत. तासभर चालल्यावर बसतो का, उजव्या हाताला जुंपला तर अडतो का, बाईमाणसावर शिंग उगारतो का? बाजारात उभा असलेला बैल यातलं काही सांगत नाही. जुन्या मोटारसायकलचंही अगदी हेच आहे.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली याच विषयावर एक लेख लिहिला. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना खोड धरून भाव पाडून मागतो. मग चांगली गाडी असलेला माणूस म्हणतो, या भावात कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो आणि मागं भंगार तेवढं उरतं. या लेखाला धरून पुढं २००१ साली त्याला नोबेल मिळालं. मजा म्हणजे त्या लेखात हिंदुस्थानातल्या बाजाराचं उदाहरण आहे, तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडत बसणाऱ्या गृहिणीचं. "१५ मध्ये देता का" असं लिहिणाऱ्या त्या पोराला शिव्या देण्याआधी हे ध्यानात घेतलं पाहिजे. तो उद्धट आहेच, पण तो घाबरलेलाही आहे. आपल्याला फसवणारच, असं धरून तो चालतो.

बैलबाजारानं या भीतीवर उपाय काढला होता. त्याचं नाव बोली. बोलीचा बैल वेगळा आणि बिनबोलीचा वेगळा. बोलीचा म्हणजे विकणारा चारचौघांत सांगणार, की बैल वखराला चालतो, बंडीला चालतो, बसका नाही, मारका नाही. घेणारा इसार देऊन बैल नेणार, चार-आठ दिवस कामाला लावून पाहणार, आणि मग उरलेले पैसे. बोलीप्रमाणं निघाला नाही तर बैल परत. बिनबोलीचा म्हणजे डोळ्यांदेखत घ्या, नंतर तोंड दाखवू नका, आणि भाव अर्थातच कमी. भाव करणं म्हणजे नुसता आकडा खाली ओढणं नव्हतं. किती बोलीवर किती भाव, हे जुळवणं होतं. "एवढ्याले देतो, पण बोली नाही" आणि "एवढे घ्या, पण महिनाभराची बोली द्या" ही खरी घासाघीस.

ही बोली किती जुनी आहे पाहा. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेला माल पारखून पाहायला किती दिवस मिळावेत, याची यादीच आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. (त्याच यादीत दास-दासींचीही मुदत आहे. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी तेही वाचावं.) नांगराच्या बैलाला पाच आणि दुभत्या गाईला तीन, हा हिशेब लिहिणाऱ्यानं गोठा पाहिलेला असणार. दूध तीन दिवसांत कळतं, चाल कळायला जास्त लागतात.

आता इंग्रजांचा कायदा पाहा. १८७२ चा करार कायदा, जो आजही चालू आहे. त्याच्या १७ व्या कलमाखाली उदाहरण दिलं आहे घोड्याचं. एकानं लिलावात घोडा विकला. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत होतं, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. गप्प राहणं म्हणजे फसवणं नव्हे. पण पुढचं उदाहरण गमतीचं आहे. घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाही, तर घोडा धड आहे असं मी समजतो." आणि विकणारा गप्प राहिला, तर मात्र ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. म्हणजे कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो, पण केव्हा? तुम्ही नीट प्रश्न विचारला तर. "लास्ट किती" विचारून हे संरक्षण मिळत नाही. "गाडी कधी ठोकली होती का, इंजिन उघडलं होतं का, नसेल सांगायचं तर मी नाही असं धरतो", असं विचारा आणि शक्यतो मेसेजवर लिहून विचारा.

इसाराची रीतही सांगून टाकतो. इसार घेतला की सौदा झाला. मग मागून कोणी दोन हजार जास्त घेऊन आला तरी त्याच्याकडं पाहायचं नाही. घेणारा फिरला तर इसार बुडाला. आणि दोघांच्या हातावर रुमाल असताना तिसऱ्यानं मधे पडून "मी जास्त देतो" म्हणणं, हे तर फारच हलकं. ज्यानं हे केलं त्याच्याशी पुढच्या बाजारी कोणी सौदा करत नसे. माझे आजोबा एका बाजारातून बैल न घेता परत आले होते, कारण आवडलेल्या जोडीवर दुसऱ्याचा हात होता. तो सौदा मोडेपर्यंत ते दुपारभर लिंबाखाली बसून राहिले. मोडला नाही. घरी आल्यावर आजीनं विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या रुमालात हात कसा घालू?" पेरणी आठ दिवसांवर होती.

आणखी एक. सौदा झाल्यावर विकणारा आपलं दावं सोडून घ्यायचा, घेणारा स्वतःचं घेऊन आलेला असायचा. बैल घरी आला की बाई पायावर पाणी घालायची, हळदकुंकू लावायची. त्यानंतर भावाबद्दल बोलायचं नाही. "महाग पडला" हा शब्द त्या बैलासमोर काढायचा नाही, म्हणत. आपण मोबाइल घेतल्यावर महिनाभर "तुला कितीला पडला" करत बसतो.

आता कागदाचं. बाजार समितीच्या बैलबाजारात सौद्याची नोंद होते, पावती मिळते. विकणारा कोण, घेणारा कोण, जनावर कसं, रंग, शिंगं, खुणा. आम्ही त्याला दाखला म्हणायचो. दाखल्याशिवाय बैल घेऊन रस्त्यानं निघणं म्हणजे चोरीचा माल घेऊन निघणं. अंगठा उठवणारा माणूसही दाखला मागितल्याशिवाय बाजार सोडत नसे. आणि आज शिकलेला माणूस काय करतो? मोटारसायकल विकतो, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. फॉर्म २९ आणि ३०, दोन्ही कोरे. घेणारा ते खिशात ठेवतो, सहा महिन्यांनी पुढच्याला गाडी विकतो, फॉर्म तसेच पुढं.

माझ्या ओळखीतल्या एकाला गाडी विकून तीन वर्षं झाल्यावर अपघाताच्या दाव्याची नोटीस आली. गाडी कोण चालवत होतं ते त्याला आजही माहीत नाही. कायदा या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणं राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आहे, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करून घ्यायची आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की गाडी हातोहात कितीही पुढं गेली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव, तो मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. तर राजेहो, भावात हजार-पाचशे सोडा, पण नावावर झाल्याशिवाय गाडी सोडू नका. ही अटसुद्धा भावाचा भाग आहे. "दोन हजार कमी घेतो, पण उद्या माझ्यासोबत आरटीओत चल", असं म्हणणारा विकणारा मला अजून भेटायचा आहे.

आता येतो त्या बैलबाजाराच्या आजच्या हालावर, कारण खरं दुखणं तिथं आहे.

तो बाजार बदलीवर चालायचा. जुळलेला, उतरतीला लागलेला बैल द्यायचा, वरून पैसे घालायचे आणि कमी दाताचा घ्यायचा. मोठ्या शेतातला थकलेला बैल लहान शेतात चालायचा, तिथून आणखी लहान शेतात, आणि शेवटी काम होत नसलेल्या बैलालाही काही तरी भाव होता. तो शेवटचा भाव कोण देत होतं हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. तेही रुमालाखालीच. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्यानं गाईच्या कत्तलीवर बंदी होती, पण कामातून गेलेल्या बैलाला दाखला घेऊन मोकळीक होती. १९९५ साली विधिमंडळानं बैल आणि वळूही त्यात घातले, राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला वीस वर्षं लागली, आणि ४ मार्च २०१५ पासून ते अमलात आलं.

त्या कायद्याच्या बाजूनं-विरुद्ध भांडायला इथं बसलो नाही. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा आणि २०१६ साली उच्च न्यायालयानं ही बंदी कायमही ठेवली. मी फक्त भावाचं बोलतो. शिडीची सगळ्यात खालची पायरी काढली की वरच्या पायऱ्याही हलतात. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही म्हणून उतरतीच्या बैलाला भाव नाही, उतरतीच्याला भाव नाही म्हणून नवा घ्यायला हातात पैसा नाही. त्यात जनावर गाडीत घालून नेलं तर रस्त्यात कोण अडवेल याची धास्ती. दाखला खिशात असूनही धास्ती. कास्तकाराच्या घरचा तो एक विमा होता. पोरगं आजारी पडलं, बैल काढला, असं होतं. तो विमा बंद झाला आणि त्याबदल्यात काही मिळालं नाही.

दोष सगळा कायद्याचा नाही, हेही खरं. ट्रॅक्टर आला, भाड्यानं नांगरणी मिळू लागली, गडीमाणूस मिळेना, चारा महागला. राज्यातली गोवंशाची संख्या २०१२ च्या पशुगणनेत दीड कोटीच्या वर होती, २०१९ मध्ये ती १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली. मग २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीची साथ आली आणि राज्यभरातले गुरांचे बाजार बंद करावे लागले. अकोला, अमरावती, बुलढाण्यानं ती साथ चांगलीच भोगली. बाजार पुन्हा भरले, पण जे दलाल त्या वेळी दुसऱ्या धंद्याला लागले त्यातले बरेच परत आले नाहीत. करपल्लवी हातातून हातात शिकवायची गोष्ट. हात नाही तर ती नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी एका बाजारात मुद्दाम गेलो होतो. जनावरं कमी, मोबाइल जास्त. एक पंचविशीतला पोरगा बैलजोडीचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकत होता, खाली लगेच मेसेज येत होते, तुम्हाला माहीत आहे कोणते. बाजूला एक म्हातारे दलाल बसले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, मले एकदा दाखवा नं." त्यांनी दुपट्टा माझ्या हातावर टाकला, खाली माझी तीन बोटं धरली, मग मधल्या पेरावर दाबलं. मी म्हटलं, "तीन हजार पन्नास?" ते हसून म्हणाले, "जनावर पाहून बोला ना भाऊ. ही जोडी तीन हजाराची दिसते का तुमाले?"

ते अर्धं पेर कशाचं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून ते उठून गेले. आकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, चांदूर बाजार, जिथं कुठं तुमच्या घरात कोणी या धंद्यात होतं, त्यांना विचारून खाली कमेंटमध्ये लिहा. बोटांचा हिशेब गावागणिक वेगळा होता म्हणतात. कोणत्या बाजारात अंगठा मोजत आणि कोणत्या बाजारात सोडून देत, एवढं जरी कळलं तरी मी ते लिहून ठेवीन.